भाडेकरार अकराच महिन्यांचा का? नाशिक रोडच्या भाड्याच्या घरांची कथा

१/ नाशिक रोडला सदनिका भाड्याने द्यायची म्हटले की करार होतो तो बहुधा ११ महिन्यांचा. पूर्ण वर्षाचा का नाही? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना १९०८ चा एक कायदा, दुसरे महायुद्ध आणि घरमालकांच्या मनातील जुनी भीती अशी तीन दारे उघडावी लागतात. 🧵

२/ १८६१ मध्ये रेल्वे नाशिकला आली; पण स्थानक झाले जुन्या शहरापासून काही मैल दूर. त्याभोवती वाढलेली वस्ती म्हणजे नाशिक रोड. १९२५ मध्ये येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस आली. तोवर भारताची टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाली. शेजारी देवळालीची छावणी होतीच. नोकरदार आले आणि त्यांच्यामागून भाड्याच्या खोल्यांची गरजही आली.

३/ १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. मुद्रांक, शुल्क आणि कचेरीच्या खेपा टाळण्यासाठी मुदत वर्षाच्या आतच ठेवण्याची वहिवाट पडली. ११ या आकड्याचा उगम येथे आहे.

४/ महायुद्धाच्या काळात शहरे माणसांनी भरली आणि घरे अपुरी पडली. त्यातून पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे ‘प्रमाण भाडे’ ठरले. त्यानंतर प्रथमच दिलेल्या जागेचे पहिले भाडे हेच प्रमाण. नियमित भाडे भरणाऱ्याला कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज बाहेर काढता येत नसे. पगारदार कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर या कायद्याने टिकवले.

५/ पण महागाई थांबली नाही. घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आणि उत्पन्न मात्र गोठलेले. मग डागडुजी टळू लागली, भिंती खचू लागल्या. कायद्याने गुन्हा ठरवलेली पागडी पडद्याआड चालू राहिली. मालक आणि भाडेकरू दोघेही एकाच गळक्या छपराखाली अडकले.

६/ यातून पळवाट निघाली ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. हा भाडेपट्टा नव्हे, केवळ राहण्याची परवानगी; म्हणून भाडेकरूचे संरक्षण लागू नाही. मात्र १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. कागदावरचे पाहुणे एका रात्रीत कायमचे झाले. ‘घर दिले की गेले’ ही धास्ती तेव्हा खोल रुजली. घर रिकामे ठेवणे अनेकांना अधिक सुरक्षित वाटू लागले.

७/ डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, गोठलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. कायद्याची मुदत संपत आली असल्याने न्यायालयाने त्या रद्द केल्या नाहीत. नवा कायदा करण्याचे काम विधिमंडळावर सोपवले.

८/ महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम राहिले. मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. महिना २० रुपये भाड्याच्या खोलीत ही पहिली वाढ ८० पैशांची! दुसरीकडे, लायसन्सची मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडून घराचा ताबा मिळवण्याचा जलद मार्ग खुला झाला. मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते.

९/ आणि ते ११ महिने? या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. म्हणजे ज्या नोंदणीच्या खर्चापायी ११ हा आकडा जन्माला आला, ती नोंदणी आता ११ महिन्यांनाही चुकत नाही. कारण नाहीसे झाले, वहिवाट मात्र उरली.