मुखपृष्ठ कोणाला हाक मारतं?

आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना संगीताच्या मासिकांची मुखपृष्ठं कशाला हवीत? तर ती एका जुन्या प्रश्नासाठी हवीत. आपण स्वतःला 'मी अमुक प्रकारचा माणूस' असं म्हणतो, ते आपल्याला कोण शिकवतं? घर शिकवतं, शाळा शिकवते, जात-धर्म शिकवतात. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हे काम कोपऱ्यावरच्या स्टॉलवर टांगलेल्या छापील कागदानंही केलं. त्याचा थोडा इतिहास आज पाहू.

छपाईच्या धंद्यातला माणूस याचं उत्तर सोपं देतो. तो म्हणतो, वाचक तयार असतो. त्याचं वय, खिसा, आवडनिवड आम्हाला माहीत असते आणि त्याला रुचेल असं मुखपृष्ठ आम्ही करतो. हे खरं आहे, पण अर्धंच. लुई आल्थ्युसेर या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९७० साली एका निबंधात एक दाखला दिला. रस्त्यात मागून पोलीस ओरडतो, 'ए, तू!' आणि चालणारा माणूस मागे वळतो. वळला, की तो त्या हाकेतला 'तू' झाला. आल्थ्युसेर बोलत होता राज्यसत्तेबद्दल, पण मुखपृष्ठाला हा दाखला चपखल लागू पडतो. मुखपृष्ठ ही एक हाक आहे. जो वळला तो वाचक. म्हणजे वाचक काही प्रमाणात हाकेमुळेच घडतो, हे आमचं म्हणणं. आता पुरावा बघू.

सुरुवातीला ही हाक नव्हतीच. लंडनमध्ये १९२६ साली 'मेलडी मेकर' निघालं, ते वाजवणाऱ्यांसाठी, म्हणजे नाचाच्या बँडमधल्या वादकांसाठी. धंद्याचं पत्र ते. त्याला चेहऱ्याची काय गरज? १९५२ साली 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी ब्रिटनमधली पहिली रेकॉर्ड-विक्रीची यादी छापायला घेतली. आणि या पत्राच्या पहिल्या पानावर त्या काळात बहुधा जाहिरातच असे! सगळ्यात मोक्याची जागा रेकॉर्ड कंपनीला विकलेली. वाचक ठरलेला, दर आठवड्याला येणारा. त्याला वेगळी हाक मारायची गरज कुणाला वाटली नाही.

मग येतं १९६७. सॅन फ्रान्सिस्को. यान वेनर नावाचा एकवीस वर्षांचा तरुण आणि राल्फ ग्लीसन हे पन्नाशीचे जॅझ-समीक्षक मिळून साडेसात हजार डॉलर उसने घेतात आणि 'रोलिंग स्टोन' काढतात. पहिल्या अंकावर तारीख ९ नोव्हेंबर १९६७, किंमत पंचवीस सेंट. मुखपृष्ठावर जॉन लेनन. पण कसा? हातात गिटार नाही, शेजारी बाकीचे बीटल्स नाहीत. डोक्यावर सैनिकाचं शिरस्त्राण आणि डोळ्यांवर गोल चष्मा. रिचर्ड लेस्टर यांच्या 'हाऊ आय वॉन द वॉर' या युद्धाची खिल्ली उडवणाऱ्या सिनेमातलं हे छायाचित्र.

आता ज्याला हाक मारायची तो कोण, ते लक्षात घ्या. अठरा ते पंचवीस वयाचा अमेरिकन मुलगा. व्हिएतनामचं युद्ध चालू आहे, सक्तीची सैन्यभरती चालू आहे. शिरस्त्राण केव्हाही त्याच्याच डोक्यावर येऊ शकतं. अशा वेळी जगातला सगळ्यात लाडका गायक ते शिरस्त्राण घालून त्याच्याकडे बघतोय. मुखपृष्ठ न सांगता सांगून जातं की हे पत्र नुसत्या गाण्यांचं नाही, तुझ्या आयुष्याचं आहे. ही जुळणी कुणी विचारपूर्वक केली की हाताशी आलेलं चित्र लावलं, हा मुद्दा गौण. ते बघणाऱ्यापर्यंत कोणत्या हवेत पोहोचलं, हे महत्त्वाचं.

नावाचं अक्षरसुद्धा बघा. ते काढलं रिक ग्रिफिन यांनी. त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोत मैफिलींची जी पोस्टरं लागत, ती काढणाऱ्या मंडळींपैकी ते एक. त्या पोस्टरांवरची अक्षरं इतकी वळणदार, वितळल्यासारखी, की पटकन वाचताच येत नसत. जाहिरात आणि वाचता येत नाही? पण गंमत तिथेच आहे. ज्याला थांबून, मान वाकडी करून वाचायची इच्छा आहे, तो आपला. बाकीचे पुढे गेले तरी चालतील. अक्षराचीच चाळणी केली. 'रोलिंग स्टोन'नं ती अक्षरं थोडी माणसाळवली, वाचता येतील अशी केली, पण वळण ठेवलं. म्हणजे आतल्याला ओळख पटावी आणि बाहेरच्यालाही आत येता यावं.

पाचच वर्षांत या पानाला किती वजन आलं पाहा. १९७२ साली डॉक्टर हूक या बँडनं एक विनोदी गाणं केलं. शेल सिल्व्हरस्टीन यांनी लिहिलेलं. सगळं मिळालं, पण 'रोलिंग स्टोन'चं मुखपृष्ठ काही मिळत नाही, अशी त्यात तक्रार. गाणं गाजलं आणि मार्च १९७३ मध्ये पत्रानं खरंच त्यांना मुखपृष्ठावर घेतलं. पण छायाचित्र नाही, व्यंगचित्र! आणि बँडच्या नावाऐवजी 'यांचं नाव काय बरं' अशा अर्थाची ओळ. थट्टा झाली, पण थट्टा कशाची होते? ज्याला मान आहे त्याचीच.

ब्रिटनमध्ये पुढे एक वेगळीच गोष्ट घडली. एका हाकेच्या अनेक हाका झाल्या. 'एनएमई', 'मेलडी मेकर', 'साउंड्स' ही साप्ताहिकं वर्तमानपत्री कागदावर निघत. शाई हाताला लागायची, म्हणून त्यांना 'इंकीज' म्हणत. काळे हात ही सुद्धा वाचकाची खूणच. १९७८ मध्ये निक लोगन यांनी, जे स्वतः आधी 'एनएमई'चे संपादक होते, 'स्मॅश हिट्स' काढलं. गुळगुळीत कागद, भडक रंग, आत गाण्यांचे शब्द छापलेले. हाक कोणाला? शाळकरी मुलामुलींना. १९८१ मध्ये 'केरँग' आलं. नावच गिटारच्या कर्कश झंकारावरून घेतलेलं, अक्षरं तडा गेलेल्या काचेसारखी, पहिल्या अंकावर एसी/डीसीचा अँगस यंग. अक्षर बघितलं की कानात आवाज यावा. १९८६ मध्ये 'क्यू': लाल चौकोनात एकच पांढरं अक्षर, नीटनेटकं. हे कमावत्या माणसाला. नुकत्याच आलेल्या सीडी विकत घेण्याची ज्याची ऐपत आहे त्याला. आणि १९९३ मध्ये 'मोजो'. पहिल्या अंकावर बॉब डिलन आणि जॉन लेनन. लेनन जाऊन तेव्हा तेरा वर्षं होत आली होती! हाक सरळ आठवणींना घातलेली.

स्टॉलवरची जागा अपुरी. अंक एकमेकांवर चढवून ठेवलेले. कधी वरची पट्टी दिसणार, कधी डावीकडची. म्हणून नाव वरती, महत्त्वाच्या ओळी त्याच्या आसपास, आणि चेहऱ्याची नजर थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. आपल्याकडे दीनानाथ दलालांची 'दीपावली'ची मुखपृष्ठं अनेकांना आठवत असतील. तीही लक्ष वेधून घेत, पण दिवाळी अंक साऱ्या घरासाठी येतो. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी तो हाताळायचा असतो. संगीताचं मासिक घरातल्या एकालाच बोलावतं आणि जमलं तर बाकीच्यांपासून वेगळं काढतं. वडिलांना न आवडणं हा त्याच्या मुखपृष्ठाचा दोष नव्हता, तो गुण होता.

आणखी एक गोष्ट सहसा सुटून जाते. अंक विकत घेतला, उघडला, की वाचणाऱ्याला मुखपृष्ठ दिसतच नाही! ते दिसतं समोरच्या बाकावर बसलेल्याला. म्हणजे खरेदीपर्यंत मुखपृष्ठ वाचकाशी बोलतं, आणि खरेदीनंतर वाचकाच्या वतीनं जगाशी. छातीवर लावलेल्या बिल्ल्यासारखं. बसमध्ये 'केरँग' वाचणारा मुलगा दुसऱ्या कुणाच्या हातात 'केरँग' पाहतो, तेव्हा एक शब्द न बोलता दोघांची ओळख झालेली असते.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. हाक मारणारा कुणालातरी वगळतोच. 'रोलिंग स्टोन'च्या दुसऱ्याच अंकावर टीना टर्नर होती, हे नोंदवायला हवं. पण फेब्रुवारी १९६९ च्या एका गाजलेल्या मुखपृष्ठावर स्त्री होती ती कलावंत म्हणून नव्हे. अंकाचा विषय होता बँडच्या मागे फिरणाऱ्या 'ग्रुपी' मुली. पुरुष गातो, बाई त्याच्या मागे जाते, अशी मांडणी हाकेतच शिरली. काळ्या तरुणांनी आपली हाक शेवटी दुसरीकडे ऐकली. १९८८ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी पत्रक म्हणून सुरू केलेलं 'द सोर्स' आणि १९९३ मध्ये क्विन्सी जोन्स यांनी उभं केलेलं 'व्हाइब', या मासिकांनी हिप-हॉपच्या माणसांना थाटामाटानं मुखपृष्ठावर आणलं. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये काय झालं? वेनर यांचं मुलाखतींचं पुस्तक आलं, त्यात सातही जण गोरे पुरुष. असं का, या प्रश्नावर त्यांनी स्त्री आणि काळ्या संगीतकारांच्या बौद्धिक मांडणीविषयी असं काही उत्तर दिलं, की रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या संचालक मंडळातून त्यांना दूर करण्यात आलं. त्यांनी नंतर माफी मागितली. पण जो माणूस इतकी वर्षं ठरवत होता की या पानावर कोण येणार, त्याच्या मनातली यादी लोकांना दिसली.

आता आमच्या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा. ऑगस्ट २०१३ च्या 'रोलिंग स्टोन'वर जोखर त्सारनाएवचा चेहरा छापला गेला. हा तेव्हा बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांचा आरोपी होता. कुरळे केस, कोवळा चेहरा, त्यानं स्वतःच काढलेलं छायाचित्र. लोक भडकले. काही मोठ्या दुकान-साखळ्यांनी अंक विकायला नकार दिला. हेच छायाचित्र काही महिन्यांपूर्वी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर येऊन गेलं होतं. तेव्हा असा गदारोळ झाला नव्हता. छायाचित्र तेच, चेहरा तोच. मग फरक कशाचा? वर्तमानपत्राचं पहिलं पान सांगतं, 'हे घडलं.' या मासिकाचं मुखपृष्ठ सेहेचाळीस वर्षं सांगत आलं होतं, 'हा तुझा आहे, याच्यासारखं व्हावंसं वाटू दे.' संपादकांना गंभीर वार्तापत्र द्यायचं होतं आणि आतला लेख तसा होताही. पण सवयीनं हाकेला जो अर्थ आला होता, तो एका अंकापुरता बाजूला ठेवता येईना.

याच्या दुसऱ्या टोकाला २२ जानेवारी १९८१ चा अंक ठेवा. ॲनी लायबोविट्झ यांनी ८ डिसेंबर १९८० रोजी काढलेलं छायाचित्र: विवस्त्र लेनन, कपडे घातलेल्या योको ओनोला बिलगलेला. पत्राला तो एकटा हवा होता. योकोही हवी, हा आग्रह त्याचा. काही तासांतच त्याची हत्या झाली. त्या मुखपृष्ठावर पत्राच्या नावाखेरीज मजकूर नाही. सांगायचं काहीच उरलं नव्हतं. शिरस्त्राण घातलेल्या त्याच माणसानं ज्यांना पहिली हाक मारली होती, त्यांनी एकत्र शोक करायची ती जागा झाली.

आज 'स्मॅश हिट्स' नाही, 'क्यू' २०२० मध्ये बंद पडलं, 'एनएमई'चा साप्ताहिक छापील अंक २०१८ च्या मार्चमध्ये थांबला. मुखपृष्ठं अजून निघतात, फोनवर फिरतात. पण फोनचा पडदा प्रत्येकाला त्याच्यापुरतं दाखवतो, आणि समोरच्या बाकावरच्याला दिसते ती फोनची पाठ, सगळ्यांची साधारण सारखीच. नव्या हाकेत वगळलेल्यांना जागा मिळाली असेल, मिळावीच. मात्र जुन्या हाकेत एक सोय होती: ती सगळ्यांना ऐकू येई, म्हणून तिच्याशी भांडता येई. 'द सोर्स' आणि 'व्हाइब' निघाली ती या भांडणातून, २०१३ चा राग निघाला तोही त्यातूनच. ज्याच्या त्याच्या कानात कुजबुजली जाणारी हाक कोणाला वगळते, हे ज्याला ती आली त्यालाही कळत नाही, आणि ज्याला आली नाही त्याला तर नाहीच नाही.