आंधळ्याची प्रेमकथा सांगायची कुणी?

नेवाशाला प्रवरेकाठी एक दगडी खांब आहे, पैसाचा खांब. त्याला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. या कथेचा मूळ श्रोता आंधळा आहे, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. संजय सांगतो ते धृतराष्ट्राला. गीतेत या राजाच्या वाट्याला एकच श्लोक येतो, अगदी पहिला. पुढे तो गप्प.

ज्ञानदेव त्याची कीव करत नाहीत. नवव्या अध्यायाच्या शेवटी संजय भारावून गेलेला असतो आणि म्हातारा राजा मात्र पुरात बसलेल्या रेड्यासारखा ढिम्म! डोळ्यांबरोबर समजही गेली, अशी ही सांगड. पुढे शेजारच्या पैठणात एकनाथांनी भारुडातून आंधळ्याला स्वतःच्या तोंडाने बोलतं केलं, पण तिथेही आंधळेपण हे रूपकच. प्रेम करणारा, रुसणारा, वाट पाहणारा आंधळा अजून यायचा होता.

तो आला विदर्भातून, आणि तोही नेवाशाशी नातं सांगत. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला १८८१ साली जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी नवव्या महिन्यातच गेली. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत आणि कृष्णाची पत्नी मानत. हे नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. ते स्त्रीवेश करत, मंगळसूत्र घालत. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घ्यायचे आणि स्वतःचे सांगून लिहवून घ्यायचे, असा त्यांचा शिरस्ता. चौतिसाव्या वर्षी, १९१५ साली, ते गेले तेव्हा मागे शंभरावर लहानमोठ्या रचना होत्या. कुणी त्यांना कादंबरीकार म्हणणार नाही. पण आंधळ्या माणसाने प्रेमिकेच्या भूमिकेतून केलेलं एवढं लेखन मराठीत दुसरं कुठे आहे?

संसारातलं प्रेम दाखवलं सई परांजपे यांनी, तेही हिंदी पडद्यावर. १९८० च्या ‘स्पर्श’मध्ये नसीरुद्दीन शाह अंधशाळेचा मुख्याध्यापक आहे. तो ऐटबाज, तापट आणि मदतीचा तिटकारा असलेला. कॉफी देताना शबाना आझमी हात पुढे करते आणि तो बिथरतो. एवढ्याशा प्रसंगात कळतं, की अडचण डोळ्यांची नाही, मानाची आहे. या चित्रपटाला पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ते योग्यच.

त्यानंतरची मोलाची कामगिरी स्वागत थोरात यांची. कालिदासाचा विरही यक्ष त्यांनी ‘अपूर्व मेघदूत’ या नाटकात अंध कलाकारांच्या हाती सोपवला. शिवाय १५ फेब्रुवारी २००८ पासून त्यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. म्हणजे नटही आहेत आणि वाचकही.

आता पाळी कादंबरीकारांची. अंध नायिका रंगवायची असेल, तर खर्डा आधी एखाद्या अंध वाचकाला वाचून दाखवावा. आणि प्रकाशकांनी छापील आवृत्तीबरोबरच ब्रेल प्रतही काढावी.