समुद्रमार्गे आलेला घोडा आणि त्याची नाडी

न्हावा शेवा म्हटले की १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आणि कंटेनरच्या रांगा आठवतात. याच पाण्यात उत्तरेकडून ठाण्याची खाडी येऊन मिळते. तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या राजाचा डोळा मात्र एकाच मालावर होता : घोडा.

मार्को पोलो लिहितो, या राजाने चाच्यांशी करारच केला होता. पकडलेले घोडे राजाचे, उरलेली सारी लूट चाच्यांची. राजाजवळ स्वतःचे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानाकडे येणारे प्रत्येक जहाज इतर मालासोबत घोडे आणी.

इतके मोलाचे जनावर किनाऱ्यावर उतरल्यावर जगे किती? पूर्वेकडील तमिळ किनाऱ्याविषयी पोलो सांगतो की तिथला राजा वर्षाला दोन हजारांहून अधिक घोडे घेई आणि वर्षाअखेर त्यांतले शंभरही उरत नसत. खप टिकावा म्हणून व्यापारी तिथे घोडेवैद्य जाऊच देत नसत, असा त्याचा आरोप आहे. आरोप चमचमीत आहे. पण घोड्यांना भातासोबत शिजवलेले मांस चारत, हेही तोच सांगतो. गवतावर जगणाऱ्या प्राण्याला तेवढे पुरेसे आहे.

घोड्याला ओकता येत नाही. बिघडलेले अन्न पोटातच राहते, पोटशूळ उठतो आणि काही तासांत जनावर दगावू शकते. त्यातच भक्ष्य प्राण्याच्या स्वभावानुसार तो दुखणे लपवतो. म्हणून तपासणाऱ्याला खुणा वाचाव्या लागतात. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून नाडी मोजतात : विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठोके. श्वास ८ ते १६. ताप गुदद्वारातून घेतात, साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी. कुशीला कान लावल्यावर आतड्यांची गुरगुर ऐकू यावी; तिथली शांतता सर्वांत वाईट. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, धाप वाढते, म्हणून हे आकडे सावलीत, विसाव्यानंतरच घ्यावेत.

आकडे अलीकडचे, निरीक्षण जुने. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेली अश्वविद्या, जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’, नकुलाच्या नावावरचे ‘अश्वचिकित्सित’ हे ग्रंथ त्याच परंपरेतले. शालिहोत्रावरूनच घोडेवैद्याला ‘सालोतरी’ म्हणत. ब्रिटिश फौजेनेही तो शब्द उचलला. थर्मामीटर रोग्याजवळ नेमाने वापरण्याची रीत रूढ झाली ती लाइपझिगच्या वुंडरलिशच्या १८६८च्या ग्रंथानंतर. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८८६ साली, याच बंदराच्या पलीकडच्या काठावर, परळला, मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय उघडले.