चालतं कुंपण

आपल्या सोसायटीत पाण्यावरून भांडणं झाली, पार्किंगवरून तर दरवर्षी होतात. पण सर्वसाधारण सभा रात्री अकरापर्यंत रंगली ती एकदाच, आमच्या शेरामुळे. जुन्या सभासदांना तो 'पाचव्या मजल्यावरचा अल्सेशियन' म्हणून आठवत असेल. इमारतीचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. मी त्या कुत्र्याच्या जातीचा सांगतो, कारण सभेत तो कोणी विचारला नव्हता.

जातीचं खरं नाव जर्मन शेफर्ड, म्हणजे जर्मनीतला धनगरी कुत्रा. १८९९ च्या एप्रिलमध्ये माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातून निवृत्त झालेल्या कॅप्टनने कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात एक कुत्रा पाहिला, विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच महिन्यात या जातीची संस्था काढली. होरांड हा वंशावळीतला पहिला. कॅप्टनसाहेबांचा हट्ट एकच, कुत्रा कामाचा हवा, देखणेपण मागाहून. पुढे हेच कुत्रे पोलिसांत आणि लष्करात गेले. १९१६ साली ओल्डेनबुर्गला अंध सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली, तिथेही हेच. 'अल्सेशियन' हे बारसं ब्रिटिशांनी केलं. पहिल्या महायुद्धानंतर त्यांना 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाला होता. १९७७ मध्ये त्यांनी मूळ नाव परत दिलं, आपण मात्र अजून जुनंच धरून बसलोय!

पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं मूळ काम. तिकडच्या शेतांना कुंपण नसायचं. मेंढ्या गवताच्या पट्ट्यात चरायच्या आणि लगतच पीक उभं. कुत्र्याने पिकाच्या कडेने दिवसभर येरझाऱ्या घालायच्या, कळपाला ती रेष ओलांडू द्यायची नाही. चालतं कुंपणच म्हणा ना. असं छत्तीस किलोचं जनावर दोन खोल्यांत ठेवलं तर ते काय करणार? शेरा रात्रभर हॉल ते बाल्कनी फेऱ्या मारायचा आणि खालच्या मजल्यावर नखांची टकटक ऐकू जायची.

तक्रार तिथूनच आली आणि वाढत वाढत 'सोसायटीत कुत्रेच नकोत' या ठरावापर्यंत पोचली. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, हे पशु कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं. आमची सभा त्याआधीची. हातात कागद नव्हता. शेवटी ज्यांची तक्रार होती त्या आजीच उठल्या. "अहो, कुत्रा नको असं कधी म्हटलं मी? आवाज नको म्हटलं." ठराव बारगळला. पट्टा लावायचा, घाण उचलायची, लिफ्टमध्ये आधी माणसं, एवढं ठरलं.

आम्ही हॉलभर सतरंज्या टाकल्या आणि पहाटे पाचला कंपाउंडच्या भिंतीलगत चालायला लागलो. दहा फेऱ्या, वर थोडं वास घेऊन शोधायचं काम. आठवड्याभरात रात्रीची टकटक थांबली. बाकी सांभाळणं कष्टाचंच होतं. वर्षातून दोनदा घरभर केस, उन्हाळ्यात सकाळी आठनंतर बाहेर काढायचं नाही, जेवल्यावर लगेच पळवायचं नाही (मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो, जिवावर बेततं). खुब्याचे सांधे हा तर या जातीचा जुना दुखणाईतपणा. म्हणून पिल्लू असताना मी त्याला जिने चढू दिले नव्हते.

तरी अकराव्या वर्षी मागचे पाय गेलेच. नेमकी तेव्हा लिफ्ट दुरुस्तीला. सी विंगमधली दोन मुलं रोज सकाळी यायची, चादरीची झोळी करून त्याला पाच मजले उतरवायची. खाली भिंतीपाशी ठेवलं की शेरा मान वळवून आधी गेट बघायचा, मग झोळीच्या आधाराने, भिंतीला घासत, नेहमीच्याच दिशेने निघायचा. शेवटी शेवटी एक फेरी पुरायची.