मॅक मिनी: नव्या मॉडेलसाठी थांबायचं का?

मॅक मिनी म्हणजे ॲपलचा छोटा डेस्कटॉप. स्क्रीन, कीबोर्ड, माऊस आपले आपण जोडायचे. पहिला आला जानेवारी २००५ मध्ये. पण पुढचा कधी येईल याचा नेम नसतो: २०१४ नंतर थेट २०१८, मग २०२०, २०२३ आणि ऑक्टोबर २०२४. त्या एम४ मॉडेलची भारतातली सुरुवातीची किंमत तेव्हा ५९,९०० रुपये होती, रॅम १६ जीबी.

मित्र मला विचारतात, "थांबू का रे?" मी सांगतो, काम अडलं असेल तर घेऊन टाक. २०१४ नंतर वाट बघणाऱ्यांची चार वर्षं गेली! फक्त रॅम आधीच नीट ठरवा, एम-चिपच्या मिनीत ती नंतर वाढवता येत नाही. आणि यात बॅटरी नसते. आमच्या भिवंडीत लाईट गेली की सेव्ह न केलेलं काम गेलंच, म्हणून यूपीएसचे पैसे बाजूला ठेवा.