घरात जुनी येझदी, जावा, राजदूत पडून आहे? रंगकामाआधी आरसी बघा. आरटीओपासून इंजिनापर्यंत सगळी माहिती

ठाणे : मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण ग्रामीण या पट्ट्यात आजही कित्येक घरांच्या पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला एखादी जुनी मोटारसायकल उभी दिसते. कुणाच्या वडिलांची येझदी, कुणाच्या आजोबांची राजदूत. दुधाचे कॅन, खताची गोणी, दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळं याच गाड्यांनी वाहिलं. आज शोरूममध्ये 'अॅडव्हेंचर बाईक' म्हणून जे विकलं जातं, ते काम या गाड्या कच्च्या रस्त्यावर रोजच करत होत्या.

आता घरातली तरुण मुलं ही गाडी बाहेर काढून नवी करायला बघतात. पण बहुतेक वेळा सुरुवात रंगापासून होते, मग इंजिन, आणि शेवटी आरटीओ. तिथे कळतं की गाडीची नोंदच सापडत नाही, किंवा ती मयत मालकाच्या नावावर आहे. तोवर पैसे खर्च झालेले असतात. म्हणून क्रम उलटा हवा : आधी कागद, मग इंजिन, सगळ्यात शेवटी रंग.

या गाड्या आल्या कुठून?

जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातली कंपनी. भारतात मुंबईच्या इराणी कुटुंबाने ती आणली आणि म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना काढला. १९६१ पासून तिथे गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे त्याच गाड्या 'येझदी' नावाने विकल्या गेल्या. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, एकच सिलिंडर पण दोन सायलेन्सर, आणि किक मारायचा व गिअर टाकायचा दांडा एकच, ही तिची ओळख. रोडकिंग हे तिचं सर्वांत गाजलेलं मॉडेल. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

राजदूत १७५ एस्कॉर्ट्स कंपनीची, पोलंडच्या एका गाडीवरून बनवलेली. दणकट आणि दुरुस्तीला सोपी असल्याने दूधवाल्यांची ती आवडती होती. यामाहा आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळातली.

येझदी हे नाव जानेवारी २०२२ मध्ये परत आलं, तेही ३३४ सीसीच्या 'येझदी अॅडव्हेंचर' या मॉडेलसह. पण जुन्या येझदीचे पार्ट नव्या येझदीला किंवा नवीचे जुनीला चालत नाहीत, हे लक्षात ठेवावं.

पहिलं काम : चासी नंबर आणि नोंद

हँडलच्या दांड्याजवळ फ्रेमवर ठोकलेला चासी नंबर आणि इंजिनावरचा नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून नीट वाचावा. घासू नये, ग्राइंडर तर अजिबात लावू नये. हे दोन्ही नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत.

त्यानंतर परिवहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून बघावा. एमएच-०४ ठाण्याचा, एमएच-०५ कल्याणचा. मोटार वाहन कायदा १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्यानंतर एमएच मालिका आली. त्याआधीच्या गाड्यांचे नंबर वेगळ्या अक्षरांचे आहेत. अशा जुन्या गाडीची नोंद ऑनलाइन दिसली नाही तर घाबरायचं कारण नाही. मूळ आरसी बुक घेऊन नोंद ज्या कार्यालयात झाली तिथे जावं. जुन्या रजिस्टरवरून पडताळणी करून नोंद संगणकावर घेण्याची प्रक्रिया असते. ती नोंद चढल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही : विमा, पीयूसी, नंबर प्लेट, सगळं तिथेच अडतं.

गाडी मयत व्यक्तीच्या नावावर असेल तर

वडिलांच्या नावावरची गाडी मुलाने चालवली तर काय बिघडतं, असं गावात सहज म्हटलं जातं. अपघात झाल्यावर विम्याच्या दाव्यात मात्र हेच आडवं येऊ शकतं. कायद्याप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत नाव बदलायचा अर्ज करायचा असतो. यासाठी लागतं :

- फॉर्म ३१
- मृत्यू दाखला
- मूळ आरसी (हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत)
- बाकी वारसांची ना-हरकत
- चालू विमा आणि पीयूसी

वर्षं उलटून गेली असली तरी अर्ज करता येतो, दंड भरावा लागतो. भाऊ-बहिणींची सही मात्र गाडी चमकायच्या आधीच घेऊन ठेवलेली बरी. नवी झालेली गाडी सगळ्यांनाच हवी असते.

१५ वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात, हे खरं आहे का?

नाही. १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची सरसकट बंदी हा विषय दिल्ली आणि आसपासच्या परिसराचा आहे. महाराष्ट्रात खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की गाडीची तपासणी होऊन दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवता येते. अर्ज फॉर्म २५ वर करायचा, मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून तो करता येतो.

खर्चाचा साधारण हिशेब असा :

- नूतनीकरण शुल्क : १५ ते २० वर्षं जुन्या दुचाकीला १,००० रुपये. २० वर्षांपेक्षा जुनी असेल तर ऑगस्ट २०२५ च्या बदलानुसार २,००० रुपये.
- राज्याचा पर्यावरण कर : दुचाकीला ५ वर्षांसाठी २,००० रुपये.
- उशीर : मुदत संपल्यापासून दर महिन्याला ३०० रुपये, अशी नियमात तरतूद आहे.
- थर्ड पार्टी विमा : जून २०२२ च्या दराने ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये, अधिक जीएसटी.
- एचएसआरपी नंबर प्लेट : दुचाकीला ४५० रुपये, अधिक जीएसटी.

यातली उशिराची रक्कम सगळ्यात जड जाते. वर्षानुवर्षं मुदत संपलेली गाडी असेल तर एकूण किती भरावे लागतील, हे आरटीओतून आधी काढून घ्यावं. तो आकडा कळल्यावरच गाडी उघडायची की नाही ते ठरवावं. नोंदणीशिवाय रस्त्यावर सापडलं तर पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे.

५० वर्षांपेक्षा जुनी गाडी : 'व्हिंटेज'चा मोह जपून

जुलै २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या खासगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे. नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये.

पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला असेल तर ती या व्याख्येतच बसत नाही. ज्यांना शेतावर किंवा बाजाराला गाडी न्यायची आहे, त्यांनी अर्ज करण्याआधी आरटीओत हे नीट विचारून घ्यावं.

आता इंजिन : किक मारायची घाई नको

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला जोरात किक मारणं ही सगळ्यात महाग चूक. आत गंज असेल तर पिस्टन रिंग आणि सिलिंडर दोन्ही ओरखडतात. प्लग काढावा, आत थोडं पातळ ऑइल सोडावं, एक-दोन दिवस थांबावं आणि मग हळूच इंजिन फिरतंय का ते बघावं.

टू-स्ट्रोक गाडीत पुढच्या गोष्टी तपासायच्या :

- क्रँकचे ऑइल सील : रबर कडक होऊन गळतं. बाहेरची हवा आत ओढली गेली तर इंजिन आपोआप पळतं आणि तापतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर तिकडचं ऑइल जळून पांढरा धूर सुटतो. बोअर करूनही धूर थांबत नसेल तर बहुतेक वेळा दोष इथे असतो.
- सिलिंडर : लेथवर मोजून घ्यावा. नवा ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घ्यावा, मग त्याच्या मापाने बोअर करावा.
- सायलेन्सर : आत कार्बन साचला की गाडी ओढत नाही. आतली जाळी काढून साफ करावी.
- पॉइंट, कंडेन्सर, वायरिंग : जुन्या बऱ्याच गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, १२ व्होल्टचा बल्ब किंवा बॅटरी त्यावर चालत नाही.
- टाकी : आतला गंज काढल्याशिवाय कार्बोरेटर कितीही वेळा साफ केला तरी पुन्हा भरतो.

ब्रेक लायनर, चाकांचे आरे, टायर आणि केबल नव्या घातल्यावर महिनाभर गाडी विनारंग चालवावी. जे निघायचं ते त्यातच निघतं. मग डेंटिंग-पेंटिंग आणि क्रोम.

पार्टसाठी मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ ही जुनी ठिकाणं. चासी नंबर नसलेली फ्रेम किंवा घासलेल्या नंबरचं इंजिन स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. ते चोरीचं निघू शकतं. घेतलेल्या प्रत्येक मोठ्या पार्टची पावती ठेवावी.

पेट्रोल आणि ऑइल

राजदूत १७५ आणि बहुतेक येझदी-जावाला टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आजच्या चांगल्या ऑइलचं प्रमाण लिटरला साधारण ३० ते ४० मिलि धरतात. आरएक्स १०० ला ऑइलची टाकी वेगळी असते.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर खराब करतं. म्हणून पेट्रोल पाइप आणि कार्बोरेटरचे रबर नवे घालावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करावा.

पीयूसीसाठी ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी सवलतीची मर्यादा आहे. नीट जुळवलेली टू-स्ट्रोक गाडी यात बसते.

माळशेज, कसारा उतरताना

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेल्या गाडीत पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडून गिअरवर गाडी उतरवली तर इंजिनाचे फेरे चालूच राहतात, ऑइल मात्र जवळपास पोचत नाही. पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल थोडा फिरवावा. ड्रम ब्रेकही सतत दाबून धरला की तापून पकड सोडतो. सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवावा आणि ब्रेक दाबत-सोडत उतरावं.

अलीकडच्या अॅडव्हेंचर बाईकवाल्यांनी काय बघावं?

हिरोची इम्पल्स २०११ मध्ये आली आणि काही वर्षांत बंद झाली. २०११ अखेरीस नोंदलेल्या गाड्यांची १५ वर्षं २०२६ अखेरीस पूर्ण होतात. रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन २०१६ मध्ये आली, म्हणजे पहिल्या गाड्यांची मुदत २०३१ मध्ये संपेल. सुरुवातीच्या हिमालयनला कार्बोरेटर आहे, २०१७ पासून फ्युएल इंजेक्शन आलं. सेकंडहँड घेताना आरसीवरची तारीख आधी बघावी. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नुसत्या स्टॅम्प पेपरवरच्या करारावर गाडी नावावर होत नाही.

थोडक्यात क्रम

१. चासी-इंजिन नंबर आरसीशी जुळवा.
२. ऑनलाइन नोंद बघा, नसेल तर आरटीओत चढवून घ्या.
३. वारसांची सही, नाव बदल.
४. थकबाकीचा आकडा काढा.
५. इंजिन, ब्रेक, वायरिंग.
६. विमा, पीयूसी, तपासणी, नूतनीकरण, एचएसआरपी.
७. रंग आणि क्रोम.

शुल्काचे आकडे वेळोवेळी बदलतात. पैसे भरण्याच्या दिवशी परिवहन पोर्टलवर दिसणारी रक्कमच ग्राह्य धरावी आणि प्रत्येक भरण्याची पावती जपून ठेवावी.