अंगणवाडी कोणाच्या ताब्यात? पेसा कलम ४ वरील भाष्य

भूरिया समितीच्या शिफारशींनंतर २४ डिसेंबर १९९६ रोजी पेसा (पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा) कायदा अमलात आला. जल, जंगल, जमीन यांसाठी तो वारंवार वाचला जातो, बालकांसाठी क्वचितच. त्या अंगाने कलम ४ मधील चार ओळींचा आशय येथे घेतला आहे.

४(बी) : रूढी-परंपरेनुसार आपला कारभार पाहणारा समाज जिथे राहतो ती वस्ती, वस्त्यांचा समूह किंवा पाडा म्हणजे गाव.
बालकल्याणात भागीदार कोण, हे येथे ठरते. ती महसुली गावाची किंवा गटग्रामपंचायतीची सभा नव्हे, पाड्याची सभा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची वाट दिली. कोणत्या घरातले मूल अंगणवाडीत येत नाही, हे पाड्याला नोंदवहीआधी कळते. म्हणून ही व्याख्या बालकल्याणाचा पाया आहे.

४(ई) : विकासाच्या योजनांना ग्रामसभेची आधी मंजुरी, लाभार्थींची निवडही तिचीच.
मंजुरी ‘आधी’ हवी. २०१५ मध्ये राज्याने गरोदर व स्तनदा मातांसाठी अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. पुढे तिच्यात बालकांसाठी अंडी, केळी आली. निधी आदिवासी विकास विभागाचा, अंमल बालविकास यंत्रणेचा. स्वयंपाक गावात होतो, पण ताटात काय असावे ते शासन निर्णयात ठरते. ठरून आलेल्या योजनेवर सही घेणे म्हणजे मंजुरी नव्हे.

४(एफ) : खर्चाचा विनियोग दाखला पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यावा.
२०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला, म्हणून या ओळीचे वजन वाढले. तरीही आहाराचा मोठा पैसा विभागांच्या वाटेने येतो आणि तिथे दाखला देणारी ग्रामसभा नसते.

४(एम)(सहा) : सर्व सामाजिक क्षेत्रांतील संस्था व कर्मचारी यांच्यावर ‘योग्य स्तरावरील पंचायती व ग्रामसभा’ यांचे नियंत्रण.
चारही ओळींत सर्वांत बलवान हीच. अंगणवाडी, आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्र सगळे तिच्या कक्षेत येते. पळवाटही इथेच आहे : योग्य स्तर कोणता, हे राज्य ठरवते. अंगणवाडी सेविकेची नेमणूक, मानधन, कारवाई सारे बालविकास प्रकल्प कार्यालयाच्या हाती. भामरागडच्या माडिया मुलाशी त्याच्या भाषेत बोलणारी सेविका हवी, असा ठराव ग्रामसभा करू शकते. तो पाळण्याचे बंधन मात्र कार्यालय स्वतःवर मानत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने आदिवासी मुलाच्या ताब्याच्या अनेक खटल्यांत जमातीच्या न्यायालयाला अधिकार दिला. तो कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवला. आपल्याकडे मुलाच्या संस्थेवरचे नियंत्रण कागदावर देऊन प्रत्यक्षात राखून ठेवले आहे.

क्षेत्रमर्यादा. गडचिरोली, अहेरी, भामरागड, देवरी हे आदिवासी प्रकल्प नागपूरच्या अपर आयुक्तालयाखाली येतात. परंतु १९८५ च्या राष्ट्रपती आदेशातील अनुसूचित क्षेत्रात नागपूर जिल्हा नाही. रामटेक तालुक्यात देवलापारकडच्या गोंड वस्त्यांना म्हणून या चार ओळींचा आधार मिळत नाही.

निष्कर्ष. भागीदारीसाठी नवा कायदा नको. सेविकेच्या निवडीत आणि तिच्या कामाच्या पडताळणीत पाड्याच्या ग्रामसभेचा ठराव बंधनकारक करणारा शासन निर्णय पुरेसा आहे. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या आदिवासी वस्त्यांनाही राज्याने तोच लागू करावा.